वाळूलगत कापलेली अळंबी

अळंबी खाऊन इस्पितळात गेलेली वहिनी इर्मिना आज सूप मागत होती, तरी डॉक्टरांना अळंबीचं नाव हवंच होतं. म्हणून मी आणि माझा भाऊ इग्नात्सी पाईनच्या रानात आलो.

"झेलोन्काच होत्या गं, ताई. हिरवट, वाळूतल्या. जन्मभर खातोय आपण."

"उपटून बघितल्यास का?"

"उपटतात ते रानटी! बाबांनी काय शिकवलं? वाळूलगत कापायचं."

त्याने वाळूत मागे ठेवलेले अळंबीचे बुडखे मी बोटांनी उकरले. एक पांढऱ्या पिशवीत बसलेला निघाला. झेलोन्काला पिशवी नसते. जिला असते तिचं विष यकृत पोखरतं, आणि मधला एक दिवस माणसाला अगदी बरं वाटतं.

"ताई," चाकू पुसत इग्नात्सीने विचारलं, "सूप टोमॅटोचंच नेऊ ना?"