जिन्यातल्या खुर्च्या

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या कामाच्या ठिकाणी असा एक माणूस असतो, ज्याच्या शरीरावरून विनोद करायला कुणाची परवानगी लागत नाही. शहरातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात तो माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा बाइंडर. फाटक्या पुस्तकांना नवी शिवण, नवे पुठ्ठे, नवी पाठ घालून द्यायचं त्याचं काम. हात असा सफाईदार की त्याच्याकडून परत आलेल्या पुस्तकात पान कुठून निखळलं होतं ते शोधून सापडू नये. पण त्याच्या हाताबद्दल कुणी बोलत नसे. बोलत ते त्याच्या वजनाबद्दल. एकशे एकतीस किलो!

सगळे त्याला ‘टेम्पो’ म्हणत. तो लिफ्टमध्ये शिरला की दोघंतिघं मुद्दाम बाहेर पडत. “जाऊ द्या, मालवाहतूक आधी!” नवी खुर्ची आली की, “टेम्पोनं पास केल्याशिवाय कुणी बसू नका!” हे विनोद बहुतेक वेळा त्याच मजल्यावरच्या काउंटरवरचा कारकून काढायचा. त्याचं तोंड कधी बंद नसे, म्हणून त्याचं नाव पडलं होतं ‘रेडिओ’. आणि प्रत्येक विनोदाला सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो बाइंडरच. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घेतलं की कमी लागतं, हे त्याला शाळेतच कळलं होतं. गेली वीस वर्षं तो या इमारतीत असाच हसत होता.

एके दिवशी पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस सरकवताना त्याच्या बेंबीजवळ चमक भरली. संध्याकाळी पाहिलं तर लिंबाएवढा फुगवटा. हर्निया! सर्जननं ऑपरेशन सांगितलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी रिपोर्ट दोनदा चाळले, चष्मा काढला आणि सरळ सांगितलं,

“ऑपरेशन सोपं आहे हो. अवघड आहे ते तुम्हाला भूल देणं. झोपेत तुमचा श्वास एरवीही थांबतोच. मी तुम्हाला झोपवीन, पण उठवीनच असं नाही सांगू शकत. पंचवीस किलो कमी करून या. आणि फार उशीर करू नका. आतडं त्यात अडकलं, तर तुम्हालाही पर्याय नाही आणि मलाही नाही.”

शेजारी बसलेल्या बायकोनं त्याचा हात घट्ट धरला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, “करू आपण.”

“करू,” तो म्हणाला. “पण ऑफिसात एका शब्दानं कळता कामा नये.”

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्यानं एकदा वजन कमी करायचं मनावर घेतलं होतं आणि भाबडेपणानं सगळ्यांना सांगितलंही होतं. रोज डबा उघडला की रेडिओ समालोचन करायचा. “आज टेम्पोत काकड्या भरल्यात, मंडळी!” तिसऱ्या आठवड्यात तर क्रीमचा मोठा केक आणून त्यानं त्याच्या टेबलावर ठेवला. वर साखरेनं लिहिलं होतं, ‘डिझेल’. सगळे पोट धरून हसले. बाइंडरही हसला, आणि त्यानं केकही खाल्ला. घरी येऊन मात्र न्हाणीघरात नळ मोठा सोडून तो कितीतरी वेळ रडला. दुसऱ्या दिवसापासून काकड्या बंद.

या वेळी त्यानं गाजावाजा केला नाही. बसमधून दोन स्टॉप आधी उतरून चालायला लागला. डब्यात काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याआड बसून जेवू लागला. आणि लिफ्ट सोडली. पहिल्या दिवशी तीन मजले चढायला त्याला चौदा मिनिटं लागली. धाप अशी की कान बधिर झाले. पण कुणी पाहिलं नव्हतं, हेच त्याला पुष्कळ होतं.

दहाव्या दिवशी जिन्याच्या पहिल्या वळणावर एक खुर्ची दिसली. लाकडी, बिनहाताची, चांगली रुंद. त्यानं वर पाहिलं. दुसऱ्या वळणावर एक. त्याच्या वर आणखी एक. बाइंडरच्या डोक्यात लगेच लाल दिवा लागला. म्हणजे कळलं यांना! आता कोपऱ्यात कुठेतरी कुणीतरी मोबाइल धरून उभं असणार. टेम्पो खुर्चीत कोसळलेला फोटो काढायला. पाय थरथरत होते, पण तो बसला नाही. कठडा धरून उभ्याउभ्याच त्यानं श्वास आवरला.

त्यानंतर त्याला जिकडेतिकडे काहीतरी शिजतंय असंच वाटू लागलं. अकराच्या चहाबरोबर वर्षानुवर्षं येणारी बिस्किटं अचानक बंद झाली. त्यानं विचारलं, तर रेडिओ म्हणाला, “कंटाळा आला हो तेच तेच खाऊन.” रेडिओला खाण्याचा कंटाळा? बाइंडर खोलीत शिरला की बोलणं मध्येच तुटायचं. एका सकाळी त्याला फारच धाप लागली, तो दुसऱ्या मजल्याखाली भिंतीला टेकून उभा होता, तेवढ्यात वरून रेडिओ उतरला. हातात कसलीशी फाइल. “अरे, तुम्ही? मी खाली चाललो होतो...” असं काहीबाही पुटपुटून तो त्याच्याबरोबर पुन्हा वरच चढला! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तीच फाइल, आणि आत एकही कागद नाही. बाइंडरनं मनाशी पक्कं केलं. हा मजा बघायला येतो.

विनोद मात्र थांबले होते. याचंच त्याला जास्त भय वाटत होतं. वीस वर्षं न थांबलेलं तोंड आपोआप बंद होतं का कधी? काहीतरी मोठं ठरत असणार.

मग संशय घरापर्यंत पोचला. एके दिवशी चष्मा विसरला म्हणून तो गल्लीच्या टोकावरूनच परतला. दार लोटलेलं होतं. आत बायको फोनवर हळू आवाजात बोलत होती. “हो, निघालेत आत्ताच. पंधरा-वीस मिनिटांत पोचतील.” त्याला पाहताच तिनं फोन ठेवला.

“कोण होतं?”

“कुणी नाही. मैत्रीण.”

“मी निघालो की नाही, हे तुझ्या मैत्रिणीला कशाला हवं?”

तिनं चष्मा आणून त्याच्या हातात दिला. त्या दिवसापासून तिनं ताटात वाढलेल्या कोशिंबिरीकडेही तो संशयानं पाहू लागला. मुलगी म्हणाली, “बाबा, संध्याकाळी मी पण येते चालायला,” तर तो फटकन बोलला, “आईनं पाठवलं का पाळत ठेवायला?” पोरीचा चेहरा उतरला. ती बूट काढून आत निघून गेली.

तोपर्यंत नऊ किलो कमी झाले होते. पण आनंद सांगायला एक माणूस त्यानं शिल्लक ठेवला नव्हता.

दोन महिने होत आले, तेव्हा तो कागद त्याच्या हाती लागला. गोंदाचा डबा आणायला तो तळमजल्यावरच्या कोठीत गेला. कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला. वर लिहिलं होतं, ‘टेम्पो’. खाली तारखा आणि त्यांच्यापुढे आकडे. १४, १४, १३, १५, १२... काही आकड्यांभोवती लाल गोल. अक्षर रेडिओचं.

पैज! आपण जिन्यात किती मिनिटांत कोसळतो, यावर पैज! कागद ओरबाडून त्यानं खिशात कोंबला. घरी जाताना बेकरीत शिरला, क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे घेतले आणि बागेतल्या बाकावर बसून, चव न घेता, शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाल्ले. रात्रीपासून फुगवटा ठणकायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो उशिरानं, अकराला आला आणि दोन महिन्यांनी लिफ्टसमोर उभा राहिला. लिफ्ट चालवणारे मामा निवृत्तीला आलेले, पायानं थोडे अधू. सगळे त्यांना लिफ्टमामाच म्हणत.

“आज जिना नाही?” मामांनी विचारलं.

“कशाला? तुमची पैज बुडते का?”

“कसली पैज?”

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर सगळे चहाला जमलेले, मध्ये रेडिओ. बाइंडरनं खिशातला चुरगळलेला कागद काढून टेबलावर आपटला.

“ही पैज! मी कधी मरतो याची वाट बघताय का रे सगळे? वीस वर्षं हसलात, पुरलं नाही? आता घड्याळ लावून बसलात!”

त्या इमारतीत कुणी त्याचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. कप हातातच राहिले. शेवटी मामा लंगडत पुढे आले. त्यांनी कागद सरळ केला.

“बस आधी. आणि शिव्या घालायच्या तर मला घाल, कारण हे सगळं माझ्यापासून सुरू झालंय. दीड महिन्यापूर्वी तू रजेवर होतास ना? त्या दिवशी तुझी बायको इथं आली होती.”

“इथं?” बाइंडरनं विचारलं.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिनं आम्हाला सांगितलं. म्हणाली, ते जिना चढतात, एकटेच चढतात, मध्येच काही झालं तर कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि पुन्हा कुणी हसलं तर या वेळी ते सोडून देतील, आणि मग ते राहणार नाहीत. पदर पसरला तिनं आमच्यापुढे! मग खुर्च्या मी ठेवल्या. ती रोज फोन करते तो मलाच. तू दारातून आत शिरलास की मी वर कळवतो, आणि हा मिनिटं मोजतो. पंधरा मिनिटांत वर आला नाहीस तर हा खाली बघायला येतो. हे लाल गोल बघ. हे त्याचे दिवस.”

रिकामी फाइल! बाइंडरनं रेडिओकडे पाहिलं. रेडिओचे डोळे भरले होते.

“तो केक मी आणला होता,” तो कसाबसा म्हणाला. “वहिनींनी सांगितलं तुम्ही त्या दिवशी घरी जाऊन... मला माहीतच नव्हतं हो. तुम्ही तर आमच्यापेक्षा जास्त हसत होता.”

“हसलो नसतो तर काय केलं असतंस?”

रेडिओनं हातातला कप टेबलावर ठेवला. याचं उत्तर आपल्याकडे तरी कुठे आहे, वाचकहो?

“चांगलं करत होतात तर लपवलंत का?” बाइंडरचा आवाज आता खाली आला होता. “माझ्या तोंडावर का नाही बोललात?”

मामांनी मान हलवली. “इथं आम्ही चुकलो. लाज वाटली आम्हाला. वीस वर्षं ज्या तोंडानं चेष्टा केली, त्याच तोंडानं ‘जमेल तुला’ म्हणायला जीभ उचलेना. आणि लपूनछपून केलेली मदत कटासारखीच दिसते. त्यानं संशय घेतला हा त्याचा दोष नाही रे, पोरांनो. तो संशय आपण त्याला रोज थोडा थोडा भरवलाय.” मग ते बाइंडरकडे वळले. “पण एक तुझंही सांगतो. माणसं बदलू शकतात, एवढी जागा मनात ठेव. शंका आली तर विचार. सरळ विचार! न विचारता तू काल काय करून बसलास, ते तुझा चेहराच सांगतोय.”

बाइंडर खुर्चीत बसला. तीन पुड्यांची गोष्ट त्यानं सगळ्यांना सांगितली. कुणी हसलं नाही. मग त्यानं कागद पुढे ओढला आणि वरचं ‘टेम्पो’ खोडलं.

“वजन कमी होवो न होवो, हे आजपासून बंद. आणि मिनिटं मोजायची तर माझ्यासमोर मोजा. मलाही बघू दे किती सुधारलो ते.”

“मी बरोबर चढू का?” रेडिओनं विचारलं. “मलाही धाप लागते. खरंच लागते.”

“चल. पण जिन्यात बोलायचं नाही.”

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं बायकोसमोर हात जोडले. ती म्हणाली, “मी तुमचा शब्द मोडला. पण तुम्ही हवे होतात मला.” मुलीला त्यानं स्वतः हाक मारली, “घाल बूट. चालायला येतेस ना?”

पुढचं सगळं सोपं गेलं असं मात्र नाही. सहाव्या महिन्यात तीन किलो पुन्हा वाढले. पूर्वीचा बाइंडर असता तर पुठ्ठ्यांच्या आड जाऊन बसला असता. या बाइंडरनं सकाळी चहाच्या टेबलावर सांगून टाकलं, “वाढलं रे तीन किलो. आठवडाभर बेकरीसमोरून येत होतो.” मामा म्हणाले, “मग उद्यापासून मागच्या गल्लीनं ये,” आणि विषय संपला. अकरा महिन्यांनी काटा एकशे चारवर आला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच हसल्या. “आता झोपवते तुम्हाला. आणि उठवतेही!”

ऑपरेशन नीट पार पडलं. गुंगी उतरत होती तेव्हा वॉर्डच्या बाहेरून हसण्याचा आवाज आला. रेडिओचा, मुलीचा, बायकोचाही. क्षणभर बाइंडरच्या मनात जुनीच शंका उभी राहिली. मग त्यानं कोरड्या घशानं हाक मारली, “काय झालं रे हसायला?”

तिघंही धावत आत आले. “बाबा, काका दोन तास एक शब्द बोलले नाहीत,” मुलगी म्हणाली. “सिस्टर त्यांना विचारून गेल्या, तुम्हाला मराठी येतं ना?”

टाके ओढत होते, तरी बाइंडर हसला. या खेपेला सगळ्यांच्या आधी नव्हे, सगळ्यांच्या बरोबर.

मित्रहो, कुणाच्या शरीराची थट्टा ही दोन घटकांची करमणूक नसते. ती ज्याच्या वाट्याला येते, त्याचा चांगल्या शब्दावरचाही विश्वास उडवते. म्हणून उद्या आपल्या शेजारचा कुणी असा जिना चढायला लागला, तर हसू नका आणि चोरून मदतही करू नका. त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा, “मी बरोबर येऊ का?” आणि जो चढतो आहे, त्यानंही एकदा मान वळवून पाहावं. मागून येणारं पाऊल आपल्याला पाडायलाच येत असतं, असं नाही!