श्रीच्या दोन रेघा

मामाजीले मी हजारदा सांगतलं असन, का पेन ड्राइव्ह असा धरून उपटत नसते बापा. आधी पडद्यावरून त्याले सोडाव लागते, मंग काढाव लागते. पण माहे सासरे मधुकरराव पन्नास वर्सं मागावर बसलेले. धागा तुटला का झटक्यात ओढून गाठ मारायची, एवढंच त्यायच्या हाताले ठावं. पेन ड्राइव्हही तसाच उपटते. अन् मंग मी बसते डोकं धरून.

त्या दिवशी नीलेश ओसरीत खुर्चीवर बसून होता. आमच्या अड्याळच्या विणकरायच्या नक्षीच्या फायली तो नागपूरले नेते अन् मागावर चढवाचे भोकं पाडलेले पुठ्ठे कापून आणते. अडीच वाजले होते, बस साडेतीनची. पुठ्ठे कापणारा माणूस परवापासून पंधरा दिवस गावाले चालला होता, अन् माह्या नणंदेचं, रुपाचं लग्न महिन्यावर. तिनं एकच मांगतलं होतं. लग्नातल्या साडीचा काठ मायच्या नक्षीचा पाहिजे. माय, म्हणजे माही सासू विमला, भादव्यात गेली. चौकटीच्या कागदावर तिनं काढलेल्या एकतीस नक्ष्या मी स्कॅन करून ठेवल्या होत्या. कम्प्युटर शाळेनं बाद केलेला, त्यात लिनक्स. शाळेत मी हेच शिकवते, म्हणून घरच्यायले वाटते का इले सारंच येते.

पेन ड्राइव्ह लावला. उघडला, पण फाइल काही घेईना. वाचता येते, लिहिता येत नाही म्हणे.

"मामाजी, काल कोणं उपटला हा?"

"कोणं उपटन? निघाला तो," मामाजी म्हणाले.

त्याची दुरुस्ती चालवली, दहा मिनिटं गेली. परत जोडला, परत फायली टाकल्या. आता नवीनच भानगड. नाव चालत नाही, नाव चालत नाही, असं तीस वेळा आलं. एक फाइल तेवढी गेली.

"वहिनी, बस," नीलेश म्हणाला.

"मले दिसते घड्याळ," मी म्हणलं.

मले वाटलं मराठी नावायची कटकट असन. पेन ड्राइव्ह सोडला, मराठी अक्षरं समजन असा सांगून परत जोडला. काही फरक नाही. अन् जी गेली होती तिचंही नाव मराठीतच होतं, 'रुपाचा काठ'. मराठीचा दोष असता तर ते काहून गेलं असतं? मंग मीच वैतागली. जे पाहिजे तेच तर गेलं होतं.

"घे नीलेश, झालं तुयं काम. पळ आता."

"थांब," मामाजी म्हणाले. "तीसही पाहिजे."

"तीस काय लोणच्यात घालता? साडी एकच विणाची हाय."

"रुपाचा अपुरा हाय. विमलानं त्याच्यावर श्री घातली नव्हती."

आता हे मले ठावं होतं, पण टायमावर डोक्यात आलं नाही. सारे लोक कामाच्या आधी श्री लिहिते. माही सासू शेवटी लिहे. धाग्यायचा हिशेब चौकटीशी जुळला, नक्षी पुरी झाली, का मंग कागदाच्या माथ्यावर श्री, अन् दोन्हीकडून दोन दोन उभ्या रेघा. रुपाच्या काठाची करवत, म्हणजे कडेचे दाते, झाली होती, वेल अर्धीच राहिली. बाकीच्या नक्ष्यायतून तिच्याच हातची वेल घेऊन तो नागपूरलेच पुरा करून घ्याचा, असं मामाजीनं ठरवलं होतं. मले मात्र कोणी सांगाले तयार नाही. सून म्हणजे बटन दाबाची मशीन.

अन् तवाच माही ट्यूब पेटली. फायलीले नावं देतानी मामाजी बाजूले बसून होते. कागदावर जसं हाय तसंच लिहजो, म्हणाले. मी तीस फायलींच्या नावात श्रीच्या दोन्हीकडून उभ्या रेघा घातल्या. कम्प्युटरच्या आपल्या डिस्कनं त्या गुपचूप घेतल्या. पेन ड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीनं तयार केलेला, त्याले नावात उभी रेघ चालतच नाही. चार वर्सं पोरायले हेच शिकवून राहिली मी, अन् घरी स्वतःच खड्ड्यात पडली. मामाजीवर ओरडाचं तोंडही राहिलं नाही.

"मामाजी, नावातल्या रेघा काढाव लागन."

त्यायनं पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. मंग म्हणाले, "अन् श्री?"

"श्री राहते."

"तिच्या हातच्या रेघा होत्या त्या."

"तिच्या हातच्या कागदावर हायेत. ह्या माह्या बोटाच्या होत."

त्यायनं मान हलवली. मी एक ओळ लिहिली, तीसही नावायतल्या रेघा एका झटक्यात गेल्या. फायली टाकल्या, एकतीसच्या एकतीस गेल्या. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मामाजीचा हात पेन ड्राइव्हकडे गेला, तो मी वरच्यावर पकडला. आधी सोडला, मंग काढून नीलेशच्या हातात देला. तो बसस्टँडकडे पळाला.

मामाजी पडद्यापुढून उठले नाही. तीस नावं श्रीनं सुरू होत होती, एक नाही. मले आपलंच वाईट वाटलं. म्हणलं, दिवसभर बोलली यायले, आता काही चांगलं करावं.

"मामाजी, वेल तर आता पुरी होते. रुपाच्या काठालेही श्री लावून देऊ का?"

"आता नको," ते म्हणाले. "रुपा नेसन, तवा लावजो."