अळंब्या ओवायची काडी

आमच्या गावात माणसाचा मान चिदाकेवर ठरतो. चिदाके म्हणजे दुधाळ अळंबी. मोडली की पांढरं दूध गळतं. वांग्याबरोबर तेलात परतून तिच्या रश्शात उदोनच्या जाड शेवया सोडल्या, की आमच्या जपानी तोचिगी प्रांताचा माणूस समोर सख्खा भाऊ बसला असला तरी मान वर करत नाही. ती ओकच्या रानात उगवते, पण नेमकी कुठे, ते बाप मुलालाही सांगत नाही. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने शेवटच्या घटकेला सांगायला तोंड उघडलं, तर उशाशी एवढे शेजारी जमले की त्याने बेत बदलला आणि आणखी सहा वर्षं जगला.

ती घरी आणायचीही एक रीत आहे. टोपलीत नाही, पिशवीत नाही. अळंबीच्याच दिवसांत ओढ्याकाठी, ओलसर अर्ध्या सावलीत एक झुडूप फुलतं. कडक केसाळ दांडा, वर फिकट गुलाबी धुरासारखा तुरा. शहरातले बागवाले त्याला अस्टिल्बी म्हणतात. आम्ही म्हणतो चिदाकेसाशी, म्हणजे चिदाके ओवायची काडी. दांडा मोडायचा, तुरा खाली करायचा आणि बुडाकडून एकेक अळंबी ओवत जायची. तुऱ्याशी येऊन ती अडते. मग ती काडी खांद्यावर टाकून भर रस्त्याने घरी यायचं. काडी ताजी असली की अळंबी डोंगरावरची, यात कुणाला शंका नाही.

टीव्ही नुकते रंगीत झाले होते तेव्हा या सगळ्यात पहिला मान होता इसोकिचीचा. वय अडुसष्ट. उन्हाळ्यातल्या बोनच्या, म्हणजे पितरांच्या, सणाआधी तो पाच-पाच काड्या खांद्यावर टाकून गावातून चालला, की बायका दारात यायच्या आणि पुरुष मुद्दाम आत जायचे. दुसरं त्याच्याकडे काही नव्हतं. शेती बेताची, आवाज बसका, आणि जुगारात इतका दुर्दैवी की समोरच्यालाच वाईट वाटायचं. पण अळंबीवाला इसोकिची म्हटलं की परगावचे लोकही टोपी काढायचे.

मग एके वर्षी ओढ्यातल्या दगडावरून तो घसरला आणि त्याचा गुडघा कामातून गेला. डोंगर संपला. हे फक्त त्याची बायको योने जाणत होती, आणि तिचा भाऊ सेइजी. सेइजी शेजारच्या फुकुशिमा प्रांतात राहायचा. तिथले लोक चिदाके दिसली तर पायाने बाजूला सारतात. कुणाला कशाची चव असावी, काही सांगता येत नाही. तो दर रविवारी ट्रकमध्ये काकड्यांखाली अळंब्या लपवून आणून द्यायचा.

"दाजी, घ्या तुमची इज्जत," पहिल्या वेळी तो वर्तमानपत्राचं पुडकं पुढे करत म्हणाला.

"कागदात?" इसोकिची पांढरा पडला. "कागदातली अळंबी घेऊन मी रस्त्याने चालू? त्यापेक्षा मला त्याच कागदात गुंडाळ."

अळंबी होती, काडी नव्हती. म्हणून योनेने ओढ्याकाठचे दहा-बारा गड्डे खणून आणले आणि घरामागे लावले. तिथे देवदारांची सावली होती आणि हातपंपाचं पाणी सतत झिरपायचं. ओकच्या पानांचं कुजलेलं खत तीच घालायची. झुडपांना जागा अशी मानवली की दुसऱ्या वर्षी दांडे कमरेला लागले आणि तिसऱ्या वर्षी छातीला. चौथ्या वर्षी म्हणे योने तुऱ्यांत हरवली आणि इसोकिचीने तिला भाताच्या वासाने बाहेर काढली. मी पाहिलं नाही, पण भात मी खाल्ला आहे.

गावाने अर्थात काड्या पाहिल्या.

"एवढी लांब काडी आपल्या डोंगरावर नाही," गोन्पाची म्हणाला. हा त्याचा शेजारी. तीस वर्षं इसोकिचीच्या मागावर होता आणि तीस वर्षांत त्याला फक्त गोचिड्या सापडल्या होत्या. "इसोदादा, कुठल्या खोऱ्यात जातोस रे?"

"पाय नेतील तिकडे," इसोकिची म्हणाला. निदान हे तरी खोटं नव्हतं.

मग एका सकाळी गोन्पाचीची कोंबडी कुंपणापलीकडे गेली. ती आपण होऊन गेली असं तो आजही शपथेवर सांगतो. तिला आणायला म्हणून तो कुंपणावर चढला, आणि समोर अडीचशे तुरे वाऱ्यावर डुलत होते. गोन्पाची तिथेच बसून राहिला. शेवटी कोंबडीच त्याला शोधत आली.

दुपारपर्यंत त्याचा हिशेब जुळला आणि संध्याकाळपर्यंत गावाचा.

"डोंगरावर चिदाके निघते, तेव्हा जवळपास ही फुलं असतात की नाही?" त्याने विचारलं.

"असतात," खालच्या आळीतल्या तोमेकाकू म्हणाल्या.

"ही फुलं आता कुठे आहेत?"

"इसोच्या घरामागे."

"आणि इसोला डोंगर चढताना शेवटचं कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मेला घरातच पिकवतोय!" तोमेकाकूंनी कपाळावर हात मारला. "आणि आम्ही आपले झिजवतोय तंगड्या!"

त्या शरदात ओढ्याकाठी एक गड्डा शिल्लक राहिला नाही. घरोघर चिदाकेसाशी लागली. तोमेकाकूंचं अंगण भर उन्हात. त्यांनी नवऱ्याच्या मागे राहिलेल्या चार गाद्या बांबूंवर ताणून सावली केली. देवळाच्या पुजाऱ्याने थडग्यांमधल्या ओलसर बोळात रोपं लावली आणि मृतांना फुलं आवडतात असं सांगू लागला. गोन्पाचीने शेताचा पाट फोडून परसात वळवला. पाणी परसात थांबलं नाही, घरात शिरलं. चटया फुगल्या. बायको माहेरी गेली, ती जाताना म्हणाली, "अळंबी उगवली की कळवा. तुमच्या डोक्यावरच उगवेल आधी."

पुढच्या उन्हाळ्यात सगळं गाव गुलाबी धुरात बुडालं. अळंबी मात्र एकही नाही. आणि डोंगरावर कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे त्या साली बोनला ती फक्त इसोकिचीकडे. पाच काड्या भरून.

गावाला राग आला. सभागृहात बैठक बोलावली.

योने आदल्या दिवशीच नवऱ्याला म्हणाली होती, "खरं सांगून टाका. गोन्पाचीभावजींच्या घरात बेडूक झालेत."

"मग मी कोण उरलो, योने?"

"माझा नवरा उरलात. तेवढं पुरत नसेल तर बेडकांत जाऊन राहा."

बैठकीत इसोकिची काठी टेकत उभा राहिला. "ऐका," तो म्हणाला. "घरामागे अळंबी नाही, कधीच नव्हती. मी पाच वर्षं डोंगर चढलेलो नाही. हा गुडघा बघा. अळंब्या माझा मेहुणा फुकुशिमाहून आणतो, काकड्यांखाली. मी घरची काडी मोडून ओवतो. मी अळंबीवाला नाही. बस."

तो खाली बसला आणि त्याने डोळे मिटले.

मग गोन्पाचीने हळूच मांडीवर थाप मारली.

"फुकुशिमाहून!" तो म्हणाला.

"काकड्यांखाली!" तोमेकाकूंना ठसका लागला.

"आणि गुडघा! गुडघा दाखवला बघा!" पुजाऱ्याने डोळे पुसले. "माझा बाप मरताना इतकं छान खोटं बोलला नव्हता!"

हसू ओसरल्यावर सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की असा आदर त्याच्या वाट्याला पूर्वी कधी आला नव्हता. जो माणूस आपलं गुपित लपवण्यासाठी भर सभेत आपलीच अब्रू चुलीत घालतो, तो साधा असामी नव्हे.

"अहो, हे खरं सांगतायत!" योने उठून ओरडली.

"वहिनी, तुम्हीसुद्धा!" गोन्पाचीने तिला वाकून नमस्कार केला. "घर असावं तर असं."

"बरं, अळंबीचं राहू दे," तोमेकाकूंनी वही काढली. "झुडपं कशी वाढवायची ते तरी सांगशील?"

एवढं त्याला येत होतं. बायकोच्या रेट्याने पाच वर्षं तोही मातीत बसला होता. "पूर्ण उन्हात पानं कडेने करपतात," तो थकून म्हणाला. "गाद्या काढा, वेताचा पडदा लावा. अगदी अंधारात तुरा येत नाही. सकाळचं ऊन, दुपारची सावली. माती ओली हवी, पण डबकं नको, गोन्पाची. वर पानांचं खत. आणि तीन-चार वर्षांनी गड्डे खणून फोडा, नाहीतर मधून पोकळ होतात."

"फोडा," तोमेकाकू पुटपुटल्या आणि त्या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

"आत काय निघतं, ते नाही सांगितलं," पुजारी कानात कुजबुजला.

"सांगेल कसा?"

तेव्हापासून इसोकिची दर मंगळवारी घरोघर जाऊन झुडपं बघतो. दारात गरम साके, म्हणजे तांदळाची दारू, मिळते. लोक त्याच्या प्रत्येक शब्दावर मान डोलावतात आणि तो पाठमोरा झाला की एकमेकांना कोपर मारतात. तो दर वेळी सांगतो, "ही नुसती फुलं आहेत." तेही दर वेळी म्हणतात, "हो हो, दादा, फुलंच." सुरुवातीला तो रडकुंडीला यायचा. आता रेंगाळतो, एखादा तुरा बोटावर तोलतो आणि काहीच बोलत नाही, आणि गावाला तेच सगळ्यात जास्त कळतं.

मीही अठरा गड्डे लावले आहेत, भिंतीच्या उत्तरेला. फुलांसाठी.