तीन जणींचं सामान

मी एक जुनी बॅग आहे, चाकांची. मित्रांनो, माझा निळा रंग आता ओळखू येत नाही, आणि माझा स्वभावही पूर्वीसारखा राहिलेला नाही. गोडगोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे दिवसाला शेकडो बॅगा निघत, त्यामुळे माझं कोणाला अप्रूप नव्हतं. कौतुक झालं ते घरी आल्यावर. घरातली मोठी मुलगी नर्स होती आणि तिला परदेशात नोकरी लागली होती. तिचे वडील शिंपी. त्यांनी माझं अस्तर उलटून पाहिलं, "ही काय शिलाई झाली?" म्हणाले आणि साऱ्या शिवणी स्वतः पुन्हा घातल्या. आईने मला तीनदा भरलं, तीनदा उपसलं. निघताना सगळ्यांचे हात माझ्या मुठीवरून फिरले. तेवढं प्रेम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

परदेशात पोचल्यावर मी पलंगाखाली गेले. त्या घरात आपलीच भाषा बोलणाऱ्या आणखी दोघी राहत. एक बँकेत होती. तिचं फर्मान कोणी मोडत नसे, म्हणून ती बाईसाहेब. दुसरी शाळेत शिकवायची. अंगाने एवढीशी, म्हणून चिमणी. माझ्या मालकिणीला दोघी 'सिस्टर' म्हणत. सुट्टी आली की त्या दोघी कुठल्या ना कुठल्या शहरात फिरून येत. सिस्टरला विचारत नसत. "तुझी काय बाई, ड्युटी असते," असं परत आल्यावर सांगत. पलंगाखालून मला सिस्टरचे फक्त पाय दिसत. दोघी गेल्या की ते पाय बराच वेळ खिडकीपाशी उभे असत.

अशी दोन वर्षं गेली. मग एके दिवशी बाईसाहेब दारात येऊन म्हणाली, "या शनिवार-रविवारी तूही चल गं आमच्याबरोबर."

सिस्टरने दोन ड्युट्या बदलून घेतल्या. मला बाहेर ओढून पुसलं, चाकांना तेल घातलं. फोनवर आईला म्हणाली, "मैत्रिणींबरोबर चाललेय." 'मैत्रिणींबरोबर' हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

चिमणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. तिला ओझं उचलायचं नव्हतं, म्हणून तिचे कपडे माझ्यात आले. मग बाईसाहेबांचे बुटांचे तीन जोड आले. सिस्टरचा एक स्वेटर कसाबसा कोपऱ्यात बसला. आम्ही गेलो त्या शहरात मुक्कामाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. दुसऱ्या जिन्यावर माझं एक चाक निखळलं आणि टणटण करत खाली गेलं.

"बॅग आहे की भंगार?" बाईसाहेब मोकळ्या हातांनी वर जात म्हणाली.

दुपारी चिमणीच्या पोटावरची पट्टी ओली झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. सिस्टर तडक औषधाच्या दुकानाकडे निघाली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"तिला खरं सांगायला हवं होतं गं," चिमणी म्हणाली. "किती खूश आहे ती."

"सांगितल्यावर आली असती?" बाईसाहेब म्हणाली. "डॉक्टर तुला प्रवासाला सोडत नव्हते. नर्स बरोबर आहे म्हटलं, तेव्हा कुठे गप्प बसले. एकदा तुझे टाके निघू देत, पुढच्या वेळी आपण दोघीच. तिच्या वॉर्डाच्या गप्पा ऐकून माझं डोकं उठलंय."

दार उघडलं. सिस्टर उभी होती.

"कोट राहिला होता," ती म्हणाली. तिने कोट घेतला आणि गेली.

मला वाटलं, आता ही परत येत नाही. येऊ नये, असंच वाटत होतं. पण ती आली, कापूस आणि पट्ट्या घेऊन. हात धुतले, चिमणीला आडवं केलं, जखम साफ केली, नवी पट्टी बांधली. हात हलके होते. तोंडावर मात्र एक रेषा हलत नव्हती.

"टाका तुटलेला नाही. जिने चढू नकोस, सोमवारी डॉक्टरांना दाखव," एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. दोघींचं सामान तिने पलंगावर उपडं केलं.

"एवढ्याशा गोष्टीवरून सहलीचा विचका करू नकोस!" बाईसाहेब तडकली. "आम्ही आणलं नसतं, तर घरी पलंगावर लोळत पडली असतीस."

"पडले असते. माझ्या पलंगावर."

"मग जा! तुझं भंगारही घेऊन जा!" बाईसाहेबांनी मला लाथ मारली.

सिस्टर तिच्या समोर जाऊन उभी राहिली. "तिला पाय लावायचा नाही. बाबांनी शिवलीय ती."

चिमणी रडत होती. "सिस्टर, माझं ऐक तरी," म्हणत होती. सिस्टरने ऐकलं नाही. मला उचलून ती तीन जिने उतरली. शहर फार देखणं होतं म्हणे. तिने ते पाहिलंच नाही. गाडी येईपर्यंत ती फलाटावर ताठ बसून राहिली.

आठवड्याभरात आम्ही ते घर सोडलं आणि हॉस्पिटलच्या वसतिगृहात आलो. एका संध्याकाळी दारात चिमणी उभी. हातात फुलं. "माफ कर," म्हणाली. सिस्टरने फुलांना हात लावला नाही.

"जखम दाखव," ती म्हणाली. उंबऱ्यातच उभ्याउभ्या तिने पाहिली. "भरलीय. आता माझी गरज नाही." आणि दार लावून घेतलं. मला चिमणीची दया आली नाही. सिस्टरलाही आली नसावी. पण त्या रात्री ती जेवली नाही.

तर मित्रांनो, आम्हा बॅगांना हवं तसं कोंबा, ओढा, आपटा. काम सरलं की पलंगाखाली ढकला. आमचा जन्मच त्यासाठी. पण माणसाला "चल आमच्याबरोबर" म्हणण्याआधी ते का म्हणताय, हे स्वतःला विचारा. आणि कारण तोंडावर सांगता येण्यासारखं नसेल, तर आपलं ओझं आपणच उचला.