आत येणे मना आहे

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. तुमच्या दप्तरातली दगडी पाटी नव्हे. तिचे नशीब थोर. तिच्यावर रोज नवे लिहिले जाते, आणि चुकले तर पुसताही येते. मी दारावरची पाटी. माझ्यावर एकदाच लिहिले आणि ते जन्माला पुरले. सध्या मी गिरणाकाठच्या एका खेड्यात, एका अंगणातल्या सरपणावर झाकण म्हणून असते. कडा गंजल्या आहेत. दुपारी एक कोंबडी माझ्यावर येऊन बसते. तिला माझ्या थोरवीची काही कल्पना नाही, आणि खरे सांगायचे तर थोरवी म्हणावे असे फारसे काही नाहीही.

माझा जन्म पाचोऱ्याचा. स्टेशनजवळ गिरधर पेंटरचे दुकान होते. त्याने पिंपाचा पत्रा ठोकून सपाट केला, वर निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत मजकूर लिहिला. पहिल्या ओळीत 'परवानगीशिवाय' आणि दुसऱ्या ओळीत 'आत येणे मना आहे'. मला न्यायला माणकचंदशेठ आले होते. भडगावजवळच्या त्या खेड्यात त्यांचे दुकान होते आणि गावच्या शाळेला खोल्या त्यांनीच बांधून दिल्या होत्या. मला उन्हात धरून ते गिरधरला म्हणाले, "अक्षर असं काढलंस की येऊ नको म्हटलं तरी माणसाला आत जावंसं वाटेल." गिरधर हसला. मीही मनातून फुलले. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, तेव्हा एवढी स्तुती पुष्कळ होती.

शाळेला माझी गरज होती, हे मात्र खरे. वर्ग चालू असताना कोणी आजी नातवाला हाका मारत थेट आत येई, कोणी शेतावर न्यायला पोरगा मागे, आणि मोकळ्या दारातून शेळ्याही हजेरी लावून जात. सबनीस गुरुजी पुण्याकडचे. त्यांना शिस्त प्यारी. त्यांनी मला दाराच्या चौकटीवर चार खिळ्यांनी पक्के ठोकले. तपासणीला आलेले साहेब माझ्याकडे पाहून मान डोलावत. गुरुजी चौथीच्या मुलांना माझ्यापुढे उभे करून मोठ्याने वाचायला लावत.

पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. ज्यांना वाचता येत होते, ते मला वाचून खुशाल आत जात. ज्यांना एक अक्षर येत नव्हते, ते मात्र समोरच्या निंबाच्या झाडापासूनच परत फिरत. निळा रंग, पांढरी अक्षरे आणि वर ठोकलेले खिळे एवढ्यावरून त्यांना काय समजायचे ते समजे. मला त्याचे फार वाईट वाटे.

गुरुजी वाईट होते असे समजू नका. कोणा मुलाला ताप आला तर ते स्वतः त्याला घरी पोचवत. पण एका गोष्टीत त्यांचा हट्ट होता. शाळेच्या उंबऱ्याच्या आत गावची बोली चालायची नाही. "उद्या भडगावच्या हायस्कुलात, धुळ्याच्या कचेरीत तुमचं 'शे' आणि 'बठ्ठा' कोण ऐकून घेणार आहे?" असे ते म्हणत. 'शे' म्हणजे आहे, 'बठ्ठा' म्हणजे सगळा. त्यांना मुलांचे भले करायचे होते. नेमके त्यामुळेच त्यांना कोणी अडवत नव्हते.

वना आणि वच्छलाबाई या शेतावर राबणाऱ्या जोडप्याची सुनंदा तिसरीत होती. एकदा गुरुजींनी तिला विचारले, "तुझ्या घरी कोण कोण आहे?" पोरीला उत्तर येत होते, म्हणून ती हरखून उभी राहिली.

"मनी माय शे, मना बाप शे, आन एक कायी बकरी शे."

सगळा वर्ग हसला. मित्रांनो, हसणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी 'आहे' बोलत नव्हते आणि 'काळी'ला बहुतेक घरांत 'कायी'च म्हणत. पण जो आधी हसतो तो बचावतो, हे मुलांना फार लवकर कळते.

"'शे' नव्हे, 'आहे'," गुरुजी म्हणाले. "जा, बाहेर उभी राहा. म्हणता आलं की आत ये."

सुनंदा माझ्याखाली येऊन उभी राहिली. हळूच पुटपुटू लागली, "आहे, आहे, आहे." अगदी स्वच्छ म्हणत होती. पण आत जाऊन म्हणण्याची तिची हिंमत गेली होती. त्या दिवसापासून ती वर्गात बोलेनाशी झाली आणि मग यायचीही थांबली. आईबरोबर शेतात खुरपणीला जाऊ लागली. वनाने ठरवले की घरी बसलेली पोर कामाला तरी लागू दे. दिवाळी झाली की यावलला आत्याकडे केळीच्या बागेत पाठवायची. एकदा पोर तिकडे गेली की शाळा कायमची सुटणार, हे वच्छलाबाईला पक्के ठाऊक होते. ती गुरुजींना भेटायला आली, निंबाखाली थांबली, माझ्याकडे बघितले आणि परत गेली. पुन्हा एकदा आली आणि तशीच गेली.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर शाळेच्या ओसरीवर, दिवेलागणीला, बायांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. तो घ्यायच्या सुमनबाई, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका. त्या धुळ्याजवळच्या खेड्यातल्या. त्यांच्या घरी खानदेशीच बोलत, पण गुरुजींसमोर त्यांनी कधी चुकूनही 'शे' म्हटले नव्हते. वर्गात शेठजींची सून भंवरीबाईही येऊ लागली. ती घरात मारवाडी बोले आणि दुकानाच्या पायरीवर खानदेशी. पुस्तकातली मराठी तिलाही पाहुणीच होती.

पहिल्या दिवशी सुमनबाईंनी वच्छलाबाईला विचारले, तुम्हाला कशासाठी शिकायचे आहे?

"पोरले परत शाळामा घालनं शे," ती म्हणाली. "ती पाटी काय म्हनस तेच माले समजत नही, मंग मझार कशी जाऊ?"

मझार म्हणजे आत. सुमनबाई म्हणाल्या, "अहो, मीच सांगते की तिच्यावर काय लिहिलंय."

"नको. मीच वाचसू."

सुमनबाईंनी पुस्तक मिटून ठेवले आणि बायांच्या तोंडचे शब्द फळ्यावर लिहायला सुरुवात केली. माय, पोर, घर. मग मना, मनी. खानदेशीत 'मना' म्हणजे माझा, 'मनी' म्हणजे माझी. 'मना' या अक्षरांवरून वच्छलाबाई पुन्हा पुन्हा बोट फिरवी. आपल्या तोंडातला शब्द फळ्यावर बसलेला पाहून तिला हसू येई. मला तो वर्ग फार आवडे. दिवसा जे शब्द माझ्याखालून आत जायला घाबरत, ते संध्याकाळी ओसरीवर ऐसपैस बसलेले असत.

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा एका सकाळी धुतलेले लुगडे नेसून, सुनंदाची वेणी घालून, वच्छलाबाई थेट माझ्यासमोर आली. पहिल्या ओळीतला लांबलचक शब्द पाहून ती बिचकली आणि तो सोडून खालच्या ओळीवर आली. बोट हवेत फिरवत वाचू लागली. "आत... येणे..." पुढच्या शब्दाशी येऊन थबकली. तिचा चेहरा उजळला. "मना," ती म्हणाली. "मना आहे." तिने सुनंदाचा हात धरला आणि उंबरा ओलांडला.

मला ओरडून सांगावेसे वाटले, पण पत्र्याला कुठला आवाज?

"बाई, वर्ग चालू आहे," गुरुजी म्हणाले. "पाटी वाचली नाहीत का?"

"वाचीसनच उनू, गुरुजी. आत येणं मना शे."

गुरुजींना वाटले, ही बाई थट्टा करते आहे. "मना आहे म्हणजे बंदी आहे. येऊ नका, असं लिहिलंय तिथे."

वर्ग खदखदून हसला. वच्छलाबाईने एकदा मुलांकडे पाहिले आणि एकदा वळून माझ्याकडे. इतक्यात तिच्या पदराआडून सुनंदा बोलली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तिचा आवाज उमटला.

"गुरुजी, तिला म्हणायचं आहे, आत येणं माझं आहे. 'मना' म्हणजे माझं."

तिने स्वच्छ 'आहे' म्हटले होते. पण गुरुजींचे तिकडे लक्ष नव्हते. ते 'मना'पाशीच अडकले होते. इतकी वर्षे ते या गावात राहिले, तो शब्द चावडीवर, बाजारात, नदीवर ऐकला, आणि चूक म्हणून सुधारत आले. त्याचा अर्थ काय, हे एकदाही कोणाला विचारले नव्हते.

"म्हनजे अक्षरं बी तुमनाच शेतस," वच्छलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. पोरीचा हात धरून ती निघून गेली आणि संध्याकाळच्या वर्गालाही आली नाही. गुरुजींनी निरोप पाठवला की मुलीला पाठवा, नाव घालून घेतो. उलट निरोप आला, "तठे मनी पोरनं काय शे?" तठे म्हणजे तिथे.

दिवाळी झाली. वनाने यावलच्या गाडीची चौकशी केल्याचे शाळेत कळले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींनी सुमनबाईंना विचारले, "आत येऊ का, हे तुमच्या बोलीत कसं विचारतात?" सुमनबाई दचकल्या. 'तुमच्या बोलीत' हे शब्द त्या शाळेत प्रथमच कोणी तुच्छता न मिसळता उच्चारत होते. त्यांनी सांगितले. गुरुजींनी माझे खिळे उपटले, मला काखेत मारले आणि ते वाक्य पाठ करत गावाच्या टोकाकडे निघाले. पोरगा परीक्षेला निघावा, तसे ते घाबरलेले होते.

अंगणाला पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे कुंपण होते. दार म्हणावे असे काही नव्हते. आत वच्छलाबाई सुपात ज्वारी पाखडत होती, वना बाजेवर बसला होता आणि ओट्यावर सुनंदाचे बोचके बांधून ठेवले होते. गुरुजी कुंपणाबाहेरच थांबले. घसा खाकरून म्हणाले,

"वच्छलाबाई, मी मझार उनू का?"

घोटाळा झाला, मित्रांनो. 'येऊ का' म्हणायचे ते 'आलो का' म्हणून बसले. बाहेर उभा असलेला माणूस विचारत होता, की मी आत आलो का? सुनंदाला हसू आवरेना. ती तोंडावर हात दाबून खिदळू लागली. गुरुजींचे कान लाल झाले. त्यांना नेमके काय चुकले तेही कळत नव्हते. ते मला काखेत धरून तसेच खाली बघत राहिले.

वच्छलाबाईने सूप खाली ठेवले.

"हासू नको," ती पोरीला म्हणाली. "गुरुजी शिकी राहिनात." मग गुरुजींकडे वळून म्हणाली, "या. मझार या."

सुनंदाचे बोचके त्याच संध्याकाळी सुटले. मी इथेच राहिले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. वच्छलाबाई रोज अडखळत का होईना, वर्तमानपत्र वाचते. सुनंदाबाई त्याच शाळेत शिकवतात. मध्यंतरी शाळेतून आल्या आणि चुलीपाशी आईला सांगू लागल्या. नदीपलीकडे भिल्लांची वस्ती झाली आहे, तिथली पोरे शाळेच्या दारापर्यंत येतात आणि परत जातात. दारावर तर आता काहीच नाही. मी इथे सरपणावर पडले आहे. मग त्यांना अडवते कोण?

वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग तू जाय ना त्यासना घर."

"माय, माले त्यासनी बोली येस नही."

"मंग शिकी ले."

तेवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. मित्रांनो, गंजलेल्या पाटीची तुम्हाला एवढीच विनवणी आहे. शाळेच्या दाराशी कोणी थबकलेले दिसले, तर त्याला पाटी वाचून दाखवू नका. 'ये' या शब्दाला तुझ्या घरी काय म्हणतात, ते आधी त्याला विचारा.