चुंबकाचा दोष

गुण्याबाईला नवऱ्याचा राग आला होता आणि तो राग ती चार चुंबकांवर काढत होती.

गुण्याबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या भिंतीवर टांगलेला असताना ही बाई नुसता डोळा बारीक करून "डावीकडे सूतभर जास्त आहे" म्हणायची, आणि गुण्या लावून पाहिलं की तेवढंच निघायचं. म्हणून नवऱ्याने कौतुकाने हे नाव ठेवलं होतं. त्याची वेल्डिंगची शेड घराला लागूनच होती आणि लग्नापासून कामाची वाटणी ठरलेली होती: तो जोडणार, ती धरणार. चामडी मोजे घालून, डोळ्यांपुढे काळी काच घेऊन ती एकदा पाइप धरून बसली की भूकंपातही हलली नसती. "तुझ्यासारखी पकड बाजारात मिळत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. आणि आता त्याच बाजारातून हा माणूस लाल, त्रिकोणी, तळहाताएवढे चुंबक घेऊन आला होता.

"आता तू निवांत बस," तो म्हणाला. "तिकडे, दाराशी. ठिणग्या उडतात."

"इतकी वर्षं काय फुलं उडत होती?"

तो नुसता हसला आणि पाइप मांडायला लागला.

"एक नाही, चांगल्या चार सवती आणल्यात," ती पुटपुटली आणि दाराशी स्टूल टाकून स्क्रू निवडत बसली. ज्याला आपला हात लागला नाही असं एकही कपाट, एकही दार त्या गल्लीत नाही, याचा तिला अभिमान होता. तो अभिमान आता स्टुलावर बसला होता, आणि स्टूल डुगडुगत होतं.

शिंप्याच्या टेबलाची चौकट चालली होती. पहिलाच कोपरा तिरका आला. तिने लांबूनच ओळखलं. "चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटलाय. पुसून लावा की!" दुसऱ्या कोपऱ्यावर वेल्डिंगची रेघ वेडीवाकडी गेली.

"चुंबकाचा दोष," नवरा म्हणाला.

हे ऐकून तिला फार बरं वाटलं. सवतीची खोड काढायला मिळाली की कुणाला बरं वाटत नाही? तिने लगेच दुकानदाराला फोन लावला आणि चुंबकांची इत्थंभूत माहिती काढली. चुंबक सांध्याला खेटून ठेवला की ठिणगी भरकटते. तापला की त्याची ओढ जाते. दोन चुंबक अचानक एकमेकांवर आपटले की मध्ये आलेलं बोट चेचतं. आणि मुख्य म्हणजे चुंबक फक्त धरण्यापुरता. कोपऱ्याला छोटे टाके मारले की त्याला काढून लांब ठेवायचं आणि मगच पूर्ण रेघ ओढायची.

"ऐकलंत?" ती मोजे चढवत आत आली. "तुम्ही त्यांना शेवटपर्यंत कवटाळून बसलात, म्हणून हे झालं."

तिसऱ्या कोपऱ्याला तिनेच चुंबक पुसून लावला, सांध्यापासून चार बोटं दूर. त्याने टाके मारले. वाकडे आले, पण धरून राहिले. तिने चुंबक अलगद सरकवून सोडवला, पार पलीकडच्या फळीवर बाकीच्या तिघांच्या ओळीत नेऊन ठेवला आणि सवयीने नवऱ्याच्या शेजारी उकिडवी बसली.

"तू लांब बस ना," तो म्हणाला. आवाजात अजिजी होती.

"ठिणगी भरकटते का ते बघते."

काच खाली ओढायच्या आधी तिला त्याच्या हातातल्या वेल्डिंगच्या रॉडचं टोक दिसलं. ते थरथरत होतं. ठिणगी अजून पेटलीही नव्हती, जवळपास एकही चुंबक नव्हता, आणि तरी ते टोक सांध्याच्या या बाजूला, त्या बाजूला जात होतं.

तिने काच खाली ओढली नाही. त्यानेही रॉड टेकवला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"थंडीपासून." तो फळीकडे बघत होता. "तू जवळ बसलीस की तुला दिसणार. तुझ्या डोळ्यातून काय सुटतं?"

म्हणजे त्याला तिच्या हातांचा कंटाळा आला नव्हता. त्याला तिच्या डोळ्यांची भीती वाटली होती. तिला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक सणसणीत लगावावीशीही वाटली.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "टाळाटाळ केलीत तर चारही सवतींसकट बाहेर काढीन."

"बरं."

"पाइप धरायला चुंबक आहेत. तुम्हाला मी धरते."

तिने त्याच्या मनगटाखाली हात दिला. चामड्याच्या जाड मोज्यातूनही ती थरथर तिला कळली. तिने पकड घट्ट केली. हळूहळू थरथर कमी झाली. दोघांनी काचा खाली ओढल्या, आणि रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश सरकत गेली.

रेघेवरची काळी खपली झाडून तो मागे सरला. गुण्या त्याने भिंतीवरून काढलाच नाही.

"कशी आहे?"

तिने डोळे पुसून एक डोळा बारीक केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"सूतभर वाकडी."

त्याने पलीकडच्या फळीवर ओळीने ठेवलेल्या चुंबकांकडे पाहिलं.

"चुंबकाचा दोष," तो हळूच म्हणाला.

"नाहीतर काय," ती म्हणाली. "मेले चुंबक." आणि चौथ्या कोपऱ्यासाठी तिने त्याचं मनगट पुन्हा हातात घेतलं.