सपाट झालेलं रान

त्या दिवशी उतरत्या उन्हात तिच्या पदराला जवसाच्या तेलाचा वास होता, आणि चित्राची फळी हलू नये म्हणून मी ती दोन्ही गुडघ्यांत धरून बसलो होतो. आम्ही जोडीनं केलेलं ते शेवटचं काम.

टिळकवाडीत चित्रकला शिकवणाऱ्या आमच्या लेकीनं तैलरंगांच्या उरलेल्या नळ्या आणून दिल्या, तेव्हापासून माझी पारू निपाणीमागचं, तंबाखू निघाल्यावर नांगरलेलं रान रंगवत होती. कुंचला तिला कधी पटला नाही. माझी झिजून पानाएवढी उरलेली जुनी थापी तिनं उचलली, आणि जन्मभर माझ्या हाताखाली सिमेंटच्या मालाची घमेली वाहिलेल्या हातांनी ती रंग असा थापायची, की ढेकळं फळीतनं वर यायची, ऊन त्यांच्या एका अंगाला बसायचं आणि दुसऱ्या अंगाला खरीच सावली पडायची. एरवी लई बोलणारी बाई. रंग लावताना मात्र तिच्या बांगड्यासुद्धा दबकून वाजायच्या.

मी गवंडी. गिलावा आरशासारखा झाला की काम झालं, एवढीच माझी विद्या. ती चहा ठेवायला आत गेली, आणि मला वाटलं, बिचारीचं खडबडीत राहिलंय. तिला बरं वाटावं म्हणून थापी घेतली आणि तिचं सगळं रान या बांधापासून त्या बांधापर्यंत सपाट करून टाकलं.

ती कप घेऊन आली आणि नुसती बघत राहिली. चहावर साय धरली.

"अवो, रान काय गुळगुळीत असतं व्हय?"

"भिंतीवर असा माल सोडला असता तर मालकानं हाकललं असतं मला."

"ही भिंत न्हाय. चाळीस वर्सं तुमचा माल वाह्यला, तुमी म्हणाल तितं वतला. येवढं एक रान माझं हुतं." मग आपणच हसली. "घ्या, च्या प्या, गवंडी. उद्या नांगरते परत."

चुकलो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, साखर कमी पडलीय.

त्याच रात्री ती झोपेतच गेली. सकाळी हाताला हात लावला तर ओल्या भिंतीसारखा गार.

शेजारच्या आक्काला हाक मारायच्या आधी मी फळी पुढ्यात ओढली. रंग ओलाच होता. तिचं रान तिला परत द्यावं म्हणून थापी धारेवर उभी धरली, तर मनगट आपोआप आडवं झालं. त्याला दुसरं काही येतच न्हाय. मग थापी ठेवली आणि बोट रुतवलं. नांगरटीचं तास पडलं, पण सरळ, ओळंब्यात असल्यासारखं. तिची तासं पाण्यागत वळत बांधाकडं जायची. हे माझं झालं, तिचं न्हवं. मी बोट काढून घेतलं.

खिडकीतनं ऊन आलं, आणि तेवढ्या एका तासाला सावली पडली.

मग उठलो, दार उघडलं, आणि आक्काला हाक मारली. हाक मारेपर्यंत ती फक्त माझ्यापुरती गेली होती; त्यानंतर ती सगळ्यांसाठीच गेली, आणि दिवस सुरू झाला.